एकच लाइन, एकच सुपरवायझर, मग ताण एकालाच का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कुपवाड एमआयडीसीतल्या तुमच्या मशीन शॉपमध्ये दोन ऑपरेटर शेजारशेजारच्या सीएनसीवर (संगणकाच्या हुकमावर चालणाऱ्या मशीनवर) आहेत. टार्गेट तेच, सुपरवायझर तोच, पगारात फारसा फरक नाही. एक जण शिफ्ट संपली की हसत घरी जातो. दुसऱ्याच्या रजा वाढल्यात, रिजेक्शन (नापास होणारे पीस) वाढलंय, आणि परवा तो हेल्परच्या अंगावर धावून गेला. मालकांचं म्हणणं, ‘गडी मनाचा कच्चा आहे.’ तुम्ही एचआर म्हणून विचारताय की रोजच्या ताणाकडे कर्मचारी नेमका कसा बघतो, आणि सगळ्यांसाठी एक दिवसाचं तणावमुक्ती शिबिर ठेवलं तर उपयोग होईल का.

शिबिराचं आधी सांगून टाकते. ठेवायचं तर ठेवा. माणसं दिवसभर खुर्चीत बसतील, प्राणायाम करतील, नाश्ता बरा असेल, फोटो निघतील. ज्यांचं ठीक चाललंय त्यांना दोन गोष्टी मिळतीलही. पण ज्याच्यासाठी हा खटाटोप चाललाय तो मागच्या रांगेत हाताची घडी घालून बसेल आणि मनात म्हणेल, ‘म्हणजे खोट माझ्यातच होती तर.’ दुसऱ्या दिवशी दुपारी सव्वातीनला त्याच्यापुढे तेच येणार जे काल येत होतं. सव्वातीनला काय येतं ते पुढे सांगते.

मालकांच्या वाक्याला मात्र वेळ द्यायला हवा, कारण सांगली-मिरज-कुपवाडच्या कारखान्यांत, पतसंस्थांत, दवाखान्यांत, मी जिथे जिथे समुपदेशनाला जाते तिथे हे वाक्य या ना त्या रूपात कानावर येतंच. त्यामागे एक समजूत असते: काम म्हणजे वजन, ज्याच्यात दम तो उचलतो, ज्याच्यात नाही तो वाकतो. प्रत्यक्षात तसं दिसत नाही. रिचर्ड लाझारस आणि सुसान फोकमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये केलेली मांडणी मला रोजच्या कामाला अजून पुरते. काही समोर आलं की माणूस मनातल्या मनात झटकन दोन हिशेब करतो. यात माझं काय पणाला लागलंय? आणि हे निभवायला माझ्यापाशी काय आहे? पहिल्यात धोका निघाला आणि दुसऱ्यात हात रिकामे निघाले की ताण होतो. पहिल्यात धोका निघाला पण दुसऱ्यात ‘जमवू की’ असं उत्तर आलं, तर त्याच कामाला हुरूप येतो.

सकाळच्या मीटिंगमधलं एक वाक्य घ्या: ‘उद्या कस्टमरचं ऑडिट आहे.’ जुना सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा, ऐकतो की चला, आपलं काम बाहेरच्या माणसाला दिसेल. कंत्राटी पोराला ऐकू येतं की काही सापडलं तर पहिला बाहेर मी. मागच्या ऑडिटनंतर ज्याला सगळ्या लाइनसमोर झापलं होतं, त्याला ऐकू येतं की परत माझाच नंबर. वाक्य एक, पण तीन माणसांनी त्याच्या तीन बातम्या केल्या. यातल्या कुणाचाच हिशेब चुकलेला नाही. ज्याने त्याने आपापल्या अनुभवावरून काढलेलं ते उत्तर आहे. म्हणून ‘तू असा विचार करूच नको’ हा सल्ला सहसा लागू पडत नाही. तसा विचार करायला त्याला कारखान्यानेच शिकवलेलं असतं.

आता दुसरी गोष्ट. ताण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मोठी संकटं येतात: घरातला मृत्यू, कर्ज, नोकरी जाणं. १९६७ मध्ये होम्स आणि रेही यांनी अशा मोठ्या प्रसंगांची गुणांसकट यादीच केली होती आणि बरीच वर्षं ताण त्या यादीवर मोजला गेला. पण १९८१ मध्ये कॅनर, लाझारस आणि सहकाऱ्यांनी रोजच्या बारीकसारीक कटकटींची वेगळी यादी करून पाहिली, तेव्हा माणसाच्या मनाची प्रकृती कशी राहील याचा अंदाज मोठ्या प्रसंगांपेक्षा या कटकटींवरून जास्त चांगला येतो असं निघालं. २०१९ च्या महापुरानंतर मी हे सांगलीतच पाहिलं. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ फुटांवर गेलेलं. त्या दिवसांत माणसं गाळातून, अंधारातून राबली, शेजाऱ्याला उचलून आणलं, आणि ताठ उभी राहिली. ती खचली नंतर, पंचनाम्याची यादी, बँकेचे हेलपाटे, कपाटाचा न जाणारा वास, आणि ‘किती दिवस रजा टाकणार’ या प्रश्नापाशी.

तुमच्या शॉपमधल्या कटकटी तुम्हाला एसी केबिनमधून दिसायच्या नाहीत, त्यासाठी खाली उतरून उभं राहावं लागेल. माप घ्यायचा गेज जागेवर नसतो. कॉम्प्रेसरचं प्रेशर दर तासाला पडतं. दुसऱ्या बॅचला कॅंटीनमध्ये भाजी संपलेली असते. आणि एक फार नेहमीची: कास्टिंग हाताळून, कूलंटमध्ये हात घालून बोटांवरच्या रेषा झिजतात, अंगठ्याचं हजेरी यंत्र बोट घेत नाही, मागे रांग तटते, आणि महिनाअखेर अर्धा दिवस कापला जातो. तो अर्ध्या दिवसाचा पगार माणूस कदाचित सोडेलही. रोज सकाळी सात वाजता एक यंत्र त्याला ‘तू कोण?’ विचारतं आणि ऑफिसात कुणाला त्याचं काहीच वाटत नाही, हे तो सोडत नाही.

या सगळ्यात भांडणाची जात वेगळी आहे. १९८९ मध्ये नायल बोल्जर आणि सहकाऱ्यांनी विवाहित जोडप्यांकडून सहा आठवडे रोजची डायरी भरून घेतली. रोजच्या ताणांमध्ये माणसामाणसांतला खटका सगळ्यांत जास्त लागतो असं त्यात दिसलं. दुसरी नोंद मला जास्त कामाची वाटते: कामाचा भार दुसऱ्या दिवशीही तसाच राहिला तरी मन त्याला सरावतं, पण भांडण दुसऱ्या दिवशीही चालू राहिलं तर मन सरावत नाही. टार्गेट वाढवलं की पोरं दोन दिवस कुरकुरतात आणि वेग पकडतात. सुपरवायझर रोज टोचून बोलत असेल तर तिसऱ्या महिन्यातही ते पहिल्या दिवसाइतकंच लागतं. तुमचा दुसरा ऑपरेटर हेल्परवर ओरडला, ते मला याच्याशी जोडून पाहावंसं वाटतं. वरून आलेलं वर परतवता येत नाही, मग ते खाली जातं.

आता सव्वातीन. फर्स्ट शिफ्ट साडेतीनला सुटते आणि सव्वातीनला निरोप येतो, ‘आज थांबायचंय, डिस्पॅच आहे’, म्हणजे माल पाठवायचाय. ओव्हरटाइमचा दुप्पट पैसा मिळतो, म्हणून ऑफिसला वाटतं की यात तक्रार कसली. मी अशा एका गड्याला विचारलं तर तो म्हणाला, “काम जास्त हाय म्हणून नव्हं मॅडम. कवा काय सांगतील त्येचा नेम न्हाई म्हणून.” त्याच्या घरी दोन म्हशी, धारेची वेळ साडेपाचची, डेअरीत दूध घालायची वेळ ठरलेली. आपल्याकडचा कामगार अर्धा शेतकरी असतो हे पुण्यात बनवलेल्या एचआर पॉलिसीत कुठे लिहिलेलं नसतं. शेतीपंपाला कित्येक ठिकाणी अजून पाळीने रात्री वीज येते. ज्या आठवड्यात रात्रीची पाळी, त्या आठवड्यात हा माणूस दोन वाजता उसाला पाणी पाजायला उठलेला असतो आणि सातला तुमच्या गेटवर असतो. त्या आठवड्यातलं रिजेक्शन आणि त्याच्या गावाचं विजेचं वेळापत्रक एकदा शेजारी ठेवून बघा.

रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये मांडलं ते हेच. नुसत्या जास्त कामाने माणूस तेवढा खचत नाही. काम जास्त आणि ते कधी, कसं, कोणत्या क्रमाने करायचं यात आपला शब्द काहीच नाही, हे दोन्ही एकत्र आलं की खचतो. साखर कारखान्यातल्या शेती विभागाची माणसं बघा. गळीत हंगामात त्यांना झोप नसते, ऊसतोड टोळ्या पळतात, शेतकरी तोडीसाठी फोनवर फोन करतो, गव्हाण (कारखान्यात ऊस टाकायची जागा) रिकामी राहिली तर वरून बोलणी. तरी बरीच माणसं हंगाम रेटून नेतात, कारण त्याला सुरुवात आहे आणि शेवट आहे, आणि आज कुठली टोळी कुठल्या फडात घालायची यात त्यांचा शब्द चालतो. त्याच कारखान्यात बारा महिने एका टेबलावर बसणारा, दुसऱ्याने भरलेले आकडे तिसऱ्यासाठी उतरवणारा कारकून पित्ताच्या गोळ्या खात असतो.

‘मोठ्या साहेबालाच खरं टेन्शन’ असंही आपल्याकडे सर्रास म्हणतात. लंडनमधल्या सरकारी नोकरांवर १९६७ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात नेमकं उलटं दिसलं. मायकेल मार्मट यांनी पुढे नेलेल्या त्या कामात सर्वांत खालच्या पदांवरच्या लोकांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू वरच्या पदांपेक्षा कितीतरी जास्त होते. १९८५ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात कामावर ताबा नसणं हे त्यामागचं एक ठळक कारण म्हणून पुढे आलं. मालकांना हे जरूर सांगा. त्यांना आवडणार नाही, पण सांगा.

मग माणूस या ताणाचं करतो काय? ढोबळपणे दोन वाटा. एक, जे त्रास देतंय त्यालाच हात घालायचा: सुपरवायझरशी बोलायचं, मशीन बदलून मागायचं, युनियनकडे जायचं. दुसरी, आपला जीव थंड करायचा: टपरीवर चहा, मित्रापाशी शिव्या घालून मोकळं होणं, रविवारी गणपतीला जाऊन बसणं. पुस्तकी लोक पहिलीला उगाच चांगली म्हणतात. जिथे काही हातात आहे तिथे पहिली चालते. जिथे काहीच हातात नाही तिथे रोज डोकं आपटण्यापेक्षा दुसरी शहाणपणाची असते. बिघडतं ते अदलाबदल झाली की. बदलता येण्यासारखी गोष्ट माणूस मावा चघळत सोसत राहतो, आणि न बदलणाऱ्या गोष्टीसाठी रात्रभर कूस बदलत भांडणाची तालीम करतो.

आपल्या भागात सगळ्यांत जास्त सापडणारा प्रतिसाद म्हणजे गप्प बसणं. त्याला कारण आहे. पुण्या-मुंबईत सुपरवायझर नकोसा झाला तर तो फक्त सुपरवायझर असतो. इथे तो मेव्हण्याच्या गावचा असतो, किंवा भावकीतला, किंवा ज्या पतसंस्थेत तुमचं कर्ज तिथल्या संचालकाचा पाहुणा. तक्रार गेटमधून बाहेर पडायच्या आधी गावात पोहोचते. म्हणून ‘माझं दार सगळ्यांसाठी उघडं आहे’ असं तुम्ही कितीही मनापासून म्हटलं तरी त्या दारातून कोण आत गेलं हे सगळा शॉप बघत असतो. मग बोलण्याऐवजी शरीर बोलतं: पित्त, डोकेदुखी, धरलेली मान, सोमवारची दांडी, लहानसहान कामाला लागणारा वेळ. तुम्ही ज्याला रजा वाढल्या म्हणताय, तो बहुतेक वेळा त्याला परवडणारा एकमेव अर्ज असतो.

बायकांच्या बाबतीत हे आणखी आत दडतं. मिरजेतल्या दवाखान्यांत काम करणाऱ्या सिस्टर्सशी मी बरंच बोलले आहे. नातेवाइकांचा आरडाओरडा त्यांना मनुष्यस्वभाव म्हणून कळतो. त्या वेळी चेहरा शांत ठेवावा लागतो, आणि घरी गेल्यावर परत शांत ठेवावा लागतो, याने त्या थकतात. आणि कामावर डोळ्यांत पाणी आलं की ‘हिला झेपत नाही’ असा शिक्का बसतो. पुरुषाने फाइल आपटली तर तो ‘कडक’ ठरतो. दोन्ही एकाच गोष्टीचे प्रतिसाद आहेत, एवढंच सांगून पुढे जाते.

घरावर काय होतं तेही बघायला हवं. अमेरिकेत रेना रेपेटी यांनी विमान वाहतूक नियंत्रकांचा, म्हणजे आकाशातल्या विमानांना वाट देणाऱ्यांचा, अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध केला. ज्या दिवशी काम फार, त्या संध्याकाळी ही माणसं घरात गप्प, बाजूला बसून राहत. हे तात्पुरतं मिटून घेणं दर वेळी वाईट नसतं. अर्धा तास तसं बसू दिलं तर माणूस परत येतो. जर्मनीतल्या साबिने झोनेनटाग यांच्या कामाचा गाभा हाच आहे की कामाचे तास संपल्यावर मनानेही कामातून सुटणं हीच खरी विश्रांती. आता तुमचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडा. रात्री साडेनऊला सुपरवायझरने रिजेक्शनचा फोटो टाकलाय, खाली लाल वर्तुळ, कुणाचा पीस ते सगळ्यांना माहीत, आणि त्याखाली मॅनेजरचं एकच प्रश्नचिन्ह. त्या माणसाची शिफ्ट साडेतीनला संपली असं तुमचं रजिस्टर म्हणतं. ती संपलेली नाही.

साताऱ्याहून कंपनीच्या बसने शिरवळला रोज जाणारी मंडळी माझ्याकडे येतात, त्यांची तर गंमत वेगळीच. खंबाटकी घाटात बस अडकली की एरवी कपाळाला आठ्या पडाव्यात. पण त्यातले कित्येक सांगतात की बसमधला तो वेळच दिवसातला खरा आपला. तिथे कुणी काही मागत नाही. प्रवासाला मी आधी सरसकट त्रासाच्या रकान्यात टाकत असे, आता विचारून टाकते.

आता तुमच्या हसऱ्या ऑपरेटरकडे वळू, कारण त्याच्याकडे कुणी बघतच नाहीये. तो हसतो म्हणजे ठीक आहे असं धरू नका. कदाचित खरंच ठीक असेल: घर कुपवाडातच, शेती नाही, सेटर दोस्त असल्याने ओटीचा (ओव्हरटाइमचा) निरोप त्याला सकाळीच कळतो. म्हणजे त्याचं मन पक्कं आहे असं नव्हे, त्याच्या दुसऱ्या हिशेबात शिल्लक जास्त आहे. पण दुसरीही शक्यता असते. क्रिस्टीना मास्लाक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी कामाच्या थकव्याचं (बर्नआउटचं) वर्णन केलं त्यात नुसतं दमणं नाही. कामाबद्दल कोरडेपणा येणं आणि ‘आपल्याने काही होत नाही’ असं वाटणं हेही आहे. कोरडा झालेला माणूस बाहेरून मजेत दिसतो. त्याला कशाचंच काही वाटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये या स्थितीची नोंद आजार म्हणून केलेली नाही. कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळलेल्या दीर्घ ताणातून येणारी स्थिती अशी ती नोंद आहे, आणि ‘कामाच्या ठिकाणच्या’ हे त्यातच लिहिलेलं आहे.

प्रत्यक्ष काय करायचं? त्या माणसाला केबिनमध्ये बोलावू नका. शिफ्ट सुटताना मशीनपाशी जा, किंवा चहाच्या वेळी, आणि ‘रजा का वाढल्या’ हे विचारू नका. त्याला उत्तर म्हणून फक्त सबब मिळते. ‘दिवसातला कुठला वेळ सगळ्यात नको वाटतो?’ असं विचारा. लोक या प्रश्नाला खरं उत्तर देतात, कारण त्यात कुणाचं नाव घ्यावं लागत नाही. मग दुसरा: ‘त्यातलं काय तुझ्या हातात असतं तर बरं झालं असतं?’ तुम्हाला दोन्ही हिशेब मिळतील.

शॉपमध्ये एक बदल सगळ्यांत आधी करा: ओटीचा निरोप जेवणाच्या सुट्टीआधी जाईल असं बघा, आणि महिन्यातून ठरावीक वेळा ‘आज जमणार नाही’ म्हणायची मुभा कारण न विचारता द्या. डिस्पॅचवाले म्हणतील शक्य नाही. त्यांना मागच्या महिन्याच्या नोंदी काढायला लावा, किती वेळा सकाळीच माहीत होतं ते दिसेल. सुपरवायझरने चूक दाखवायची ती बाजूला घेऊन, हे नुसतं सांगून होत नाही. त्यालाही वरून सगळ्यांसमोरच झापतात का हे आधी तपासा. बहुधा झापतात. अंगठ्याच्या यंत्राला कार्डाचा पर्याय हे एका दुपारचं काम आहे. ग्रुपवर संध्याकाळी सातनंतर फक्त अपघात, आग किंवा ब्रेकडाउन एवढंच, आणि हा नियम मॅनेजरने मोडला तरी तो मोडलाच धरायचा.

एवढं करून दोन-तीन महिन्यांनी रजा आणि रिजेक्शन बघा. फरक पडला तर मालकांशी ‘मनाचा कच्चा’वर वाद घालायची गरजच उरणार नाही.

काही वेळा मात्र वाट बघायची नसते. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडालेली, दारू अचानक वाढलेली, जेवण सुटलेलं, ‘माझ्यावाचून सगळ्यांचं बरं होईल’ अशा अर्थाचं बोलणं, यातलं काही दिसलं तर हे कामाच्या ताणाच्या पुढे गेलंय असं समजा, आणि त्याला चालू मशीनवर एकटं ठेवू नका. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. मिरज-सांगलीच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. पहिल्या वेळी कुणी बरोबर गेलं तर माणूस जातो, नुसती चिठ्ठी दिली तर बहुधा जात नाही. बरोबर जाणारा त्याच्या भावकीतला नसावा, त्याला स्वतःला हवा असेल तर गोष्ट वेगळी. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्याच्या उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क त्याला आहे, म्हणून रजेच्या रजिस्टरात कारणापुढे ‘वैद्यकीय’ एवढंच लिहा.